युकेत रस्त्यात, बसमध्ये, ट्रेनमध्ये कुणी त्रास दिला तर: नवीन आलेल्या मुलींसाठी सगळं सोप्या भाषेत

दरवर्षी सप्टेंबर आला की पुणे, नाशिक, सांगली, नागपूर सगळीकडून आपली पोरं-पोरी इकडे युकेला मास्टर्स करायला येतात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्नांचा पाऊस पडतो, कुकर आणू का, थर्मल किती घेऊ, गोडा मसाला कस्टमवाले अडवतात का. ऑक्टोबर संपता संपता इथली घड्याळं एक तास मागे जातात, डिसेंबरात तर लंडनला चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो, आणि मग ग्रुपवर नाही पण पर्सनलवर मेसेज यायला लागतात. ताई, बसस्टॉपवर एक माणूस रोज मुद्दाम बोलायला येतो. ताई, ट्रेनमध्ये असं असं झालं पण जाऊ दे, सांगून काय होणारे, उगाच व्हिसाचा लफडा नको.

हे जे "जाऊ दे" आहे ना, त्याच्यासाठी हा लेख आहे.

काळजी घे, उशिरा बाहेर पडू नको, हे सगळेच सांगतात. पण ज्या मुलीची वेअरहाऊसची शिफ्टच रात्री दहाला सुटते तिने काय करायचं? माझं स्पष्ट मत आहे की परक्या देशात आपण जास्त अडकतो ते तीन गोष्टींमुळे: इथे नेमका कशाला गुन्हा म्हणतात ते माहीत नसतं, कुणाला आणि कसं कळवायचं ते माहीत नसतं, आणि कळवलं तर आपल्यालाच त्रास होईल असं वाटत असतं. त्रास देणाऱ्यालाही बऱ्याचदा हे बरोबर माहीत असतं की ही नवीन आहे, बाहेरची आहे, ही काही बोलणार नाही.

सगळ्यात आधी पेपर स्प्रेचं सांगते कारण ते विमानात बसायच्या आधीच करायचंय. तो घरीच ठेवा. भारतात ऑनलाइन सहज मिळतो, आईबाबा काळजीपोटी बॅगेत घालून देतात, पण ब्रिटनमध्ये पेपर स्प्रे हा १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टखाली बंदी असलेलं शस्त्र आहे, म्हणजे बंदुकांच्याच कायद्यात बसतो. वापरला नाही, नुसता पर्समध्ये सापडला तरी गुन्हा होतो आणि स्वतःच्या बचावासाठी ठेवला होता हे कारण चालत नाही. मिरचीपुडीची पुडी, छोटा चाकू हेही तसंच. १९५३ चा एक कायदा आहे, त्यानुसार कुणाला इजा करायच्या हेतूने साधी वस्तू जरी जवळ बाळगली तरी ती शस्त्रच धरतात, त्यामुळे पोलिसाने विचारल्यावर "कुणी अंगावर आलं तर डोळ्यात टाकायला ठेवलीय" असं प्रामाणिकपणे सांगणारी आपली मुलगी स्वतःच अडचणीत येते.

मग काय ठेवायचं, तर पर्सनल अलार्म. किल्लीच्या जुडग्याला अडकवता येतो, पिन ओढली की कानठळ्या बसतील असा आवाज करतो आणि कायद्याने पूर्ण चालतो. बऱ्याच युनिव्हर्सिटीच्या स्टुडंट्स युनियनमध्ये फुकट मिळतो, पहिल्या आठवड्यातच जाऊन विचारा. फक्त तो पर्सच्या तळाशी चार्जर आणि टिश्यूच्या खाली ठेवू नका, अंधारातून चालताना हातात हवा. आणि हो, शस्त्र बाळगायचं नाही याचा अर्थ मार खायचा असा नाही. कुणी धरलं तर स्वतःला सोडवण्यासाठी ढकलणं, ओरबाडणं, हातात छत्री असेल तर तीच मारणं, त्या प्रसंगात वाजवी वाटेल इतका जोर वापरायला कायदा परवानगी देतो.

आता गुन्हा कशाला म्हणतात ते. हे इंग्लंड आणि वेल्सचं सांगतेय, स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत, पण ढोबळ चित्र सारखंच आहे.

तुमच्या इच्छेविरुद्ध लैंगिक हेतूने केलेला कुठलाही स्पर्श, कपड्यांवरून केलेला असला तरी, हा २००३ च्या सेक्शुअल ऑफेन्सेस ॲक्टखाली सेक्शुअल असॉल्ट आहे आणि त्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे मुद्दाम सांगतेय, कारण मुंबई-पुण्याच्या गर्दीत वाढलेल्या आपण "गर्दीत हात लागला" ही गोष्ट इतक्या वेळा गिळलेली असते की तिला तक्रार करण्यासारखं काही म्हणावं हेच सुचत नाही. मुद्दाम अंग उघडं करून दाखवणं गुन्हा आहे. स्कर्टखाली किंवा ड्रेसखाली मोबाईल घालून फोटो काढणं २०१९ पासून गुन्हा आहे. ट्रेनमध्ये बसल्या बसल्या अनोळखी माणसाने एअरड्रॉपवर स्वतःच्या गुप्तांगाचा फोटो पाठवला तर इंग्लंड-वेल्समध्ये जानेवारी २०२४ च्या अखेरीपासून तोही गुन्हा धरतात. पहिली इच्छा लगेच डिलीट करायची होते, पण आधी स्क्रीनशॉट घ्या.

स्पर्श नाही, नुसतं बोलणं असेल तर? शिट्ट्या, कॉमेंट, वाट अडवणं, गाडी हळू करून बाजूने चालवत राहणं. इथे जरा गुंतागुंत आहे म्हणून नीट वाचा. एखाद्याला मुद्दाम त्रास होईल, भीती वाटेल असं धमकावणारं किंवा शिवराळ वागणं १९८६ च्या पब्लिक ऑर्डर ॲक्टमध्ये आधीपासूनच गुन्हा आहे. पण ते समोरची बाई आहे म्हणून केलं असेल तर जास्त शिक्षा हवी, ही मागणी बरीच वर्षं होती, आणि २०२३ साली पार्लमेंटने त्यासाठी वेगळा कायदा मंजूर केला, त्यात शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. म्हणजे प्रत्येक शिट्टीला कुणी जेलमध्ये जाणार नाहीये, पण "नुसतं बोलला, हात तर नाही लावला" म्हणून पोलिस ऐकूनच घेणार नाहीत असंही नाही. लंडनच्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी तर स्टेशनांवर पोस्टर लावलेत की लैंगिक हेतूने एकटक बघत राहणं हाही छळच आहे.

आणि तो बसस्टॉपवरचा रोज येणारा माणूस. त्याच्यासाठी १९९७ चा कायदा आहे, प्रोटेक्शन फ्रॉम हरॅसमेंट ॲक्ट. त्याची मेख अशी की त्यात एकच प्रसंग पुरत नाही, कमीत कमी दोन वेळा तसं घडलेलं असावं लागतं. आता विचार करा, पहिल्या वेळी "जाऊ दे", दुसऱ्या वेळी "जाऊ दे" केलं आणि सहाव्या वेळी तो घरापर्यंत आला तर आधीच्या पाचांची कुठेच नोंद नाही. म्हणून मी प्रत्येकीला सांगते की फोनमध्ये एक नोट उघडा आणि त्यात तारीख, वेळ, जागा, तो काय म्हणाला, काय कपडे होते, अजून कोण उभं होतं, हे त्याच दिवशी लिहा. मराठीत लिहिलं तरी चालतं. तीन ओळींची नोट असते पण पोलिसांसमोर ती फार मोठं काम करते.

आता कळवायचं कसं.

जिवाला धोका आहे, कुणी मागे लागलंय, आत्ता घडतंय, तर ९९९. होऊन गेलंय, आत्ता धोका नाही, तर १०१ किंवा त्या भागातल्या पोलिसांची वेबसाइट. ९९९ ला फोन लावला आणि बोलणं शक्य नाही, कारण तो शेजारीच उभा आहे, तर आधी ऑपरेटर विचारेल त्याला खोकून किंवा फोनवर टकटक करून उत्तर द्यायचं, तेही जमलं नाही तर रेकॉर्डेड आवाज सांगेल तेव्हा ५५ दाबायचं, मग फोन पोलिसांकडे जातो. हे मोबाईलवरूनच चालतं. फक्त ५५ दाबल्याने पोलिसांना आपलं लोकेशन आपोआप कळतं असा गैरसमज फिरत असतो, तसं नाहीये, त्यामुळे शक्य होईल तितकं, हळू आवाजात का होईना, जागा सांगायचा प्रयत्न करा. रोजच्या वाटेवरच्या रस्त्यांची नावं, बसस्टॉपचं नाव माहीत करून घ्या, "त्या टेस्कोच्या पुढे" हे तिथे उपयोगाचं नाही.

ट्रेनसाठी मात्र वेगळी सोय आहे आणि ती मला मनापासून आवडते. रेल्वेचे स्वतःचे पोलिस आहेत, ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलिस, त्यांचा टेक्स्ट नंबर ६१०१६. हा आत्ताच्या आत्ता सेव्ह करा. ट्रेन, लंडनची ट्यूब, ग्लासगोचा सबवे, सगळं त्यांच्याकडे येतं. फायदा हा की बोलावं लागत नाही, उच्चाराचं टेन्शन नाही, समोर बसलेल्या माणसाला वाटतं ही नेहमीसारखी चॅट करतेय. मेसेज साधा लिहायचा: कुठून कुठे जाणारी ट्रेन, किती वाजताची, कितवा डबा, माणूस कसा दिसतो, काय करतोय. उदाहरणार्थ, "बर्मिंगहम न्यू स्ट्रीटहून ७:३० ला सुटलेली, कॉव्हेंट्रीकडे जातेय, मागून दुसरा डबा, काळं जॅकेट, राखाडी टोपी, माझ्या पायाला दोनदा हात लावला, मी जागा बदलली तर मागे आला." हे इंग्रजीत तोडक्यामोडक्या शब्दांत लिहिलंत तरी पुरतं, ग्रामर कुणी तपासत नाही. कधी पुढच्या स्टेशनवर पोलिस थांबलेले असतात, कधी नसतात, पण मेसेजची नोंद होते, आणि तोच माणूस तशाच वेळी त्याच लाइनवर तेच करत असला की वेगवेगळ्या बायकांचे मेसेज एकत्र जोडून त्याला शोधता येतं. तुमच्या एका मेसेजवर लगेच काही झालं नाही म्हणून तो वाया गेला असं समजू नका. लगेच मदत हवी असेल तर मात्र ट्रेनमध्येही ९९९ च.

बस या पोलिसांकडे येत नाहीत, तिथे त्या शहराचे पोलिस. बसमध्ये शक्यतो खालच्या मजल्यावर, ड्रायव्हरला दिसेल असं बसा, काही झालं की सरळ ड्रायव्हरकडे जा. रूट नंबर आणि वेळ लक्षात ठेवा, कॅमेऱ्याचं फुटेज त्यावरूनच काढतात आणि ते फुटेज थोडे दिवसच ठेवलेलं असतं, म्हणून कळवायचं तर लवकर कळवा. लेडीज डबा शोधू नका, तो इथे नाहीये, होते एकेकाळी पण १९७७ मध्ये बंद झाले. रात्री टॅक्सी हवी असेल तर काळी कॅब रस्त्यात हात करून थांबवता येते, बाकीच्या मिनीकॅब आधी बुक केलेल्याच असायला हव्यात. पबबाहेर "टॅक्सी, टॅक्सी" करत जवळ येणाऱ्याच्या गाडीत कितीही थंडी असली तरी बसायचं नाही. बुक केलेल्या गाडीतही "नाव काय तुमच्या कस्टमरचं" हे ड्रायव्हरलाच विचारायचं, आपण आपलं नाव सांगायचं नाही.

कुणी पाठलाग करतंय असं वाटलं तर काय? गेल्या हिवाळ्यात आमच्या ओळखीतल्या एका मुलीने जे केलं ते मी आता सगळ्यांना सांगते. शिफ्ट करून बसमधून उतरली, तिच्याबरोबर एक माणूस उतरला. तिने रस्ता ओलांडला, त्याने ओलांडला. ती परत ओलांडून पहिल्या बाजूला आली, तो पण आला. तिचं घर दोन मिनिटांवर होतं, पण ती घरी गेली नाही, वळून मेन रोडवरच्या उघड्या दुकानात शिरली आणि काउंटरवरच्या मुलाला थेट म्हणाली, तो माणूस माझ्या मागे येतोय, मी इथे थांबू का. त्या मुलाने तिला काउंटरच्या आत घेतलं, दाराशी जाऊन उभा राहिला, तो माणूस थोडा वेळ बाहेर घुटमळला आणि निघून गेला. मग तिने पोलिसांना फोन केला आणि रूममेटला बोलवून घेतलं. घर न दाखवणं ही यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट. पेट्रोल पंप, सुपरमार्केट, चिकन शॉप, पब, जिथे उजेड आणि माणसं आहेत तिथे शिरायचं, दारू पीत नसाल तरी पबमध्ये मदत मागायला काही हरकत नाही.

समोरासमोर प्रसंग आला तर छोटी वाक्यं, मोठा आवाज. "स्टेप बॅक." "डोन्ट टच मी." सॉरी, प्लीज लावायचं नाही, आपल्याला सवय असते. इंग्रजी सुचलं नाही तर मराठीत ओरडा, भाषा कळली नाही तरी सूर सगळ्यांना कळतो. मदत मागताना "कुणीतरी मदत करा" म्हटलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल, त्यापेक्षा एका माणसाकडे बोट करून "तुम्ही, लाल जॅकेट, प्लीज माझ्याजवळ उभे राहा" असं म्हणा. आणि तो दारू प्यायलेला असेल, ग्रुपमध्ये असेल तर वाद घालू नका, तिथून निघा.

आता व्हिसा. स्टुडंट व्हिसा, वर्क व्हिसा, डिपेंडंट, जो काही आहे तो व्हॅलिड असेल तर गुन्ह्याची तक्रार केली म्हणून त्यावर काहीही परिणाम होत नाही. तुम्ही आरोपी नाही, तुमच्यावर अन्याय झालाय. हे मी ठळक सांगतेय कारण आपल्या मुलींना गप्प बसवणारी सगळ्यात मोठी भीती हीच आहे. खरी अडचण असते ती व्हिसाची अट मोडली असेल तेव्हा, म्हणजे टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम केलं असेल, कारण पोलिस आणि इमिग्रेशन खातं यांच्यात माहिती जाऊच शकत नाही अशी पक्की भिंत इथे नाहीये. अशा वेळी गप्प बसू नका, आधी एखाद्या संस्थेशी किंवा वकिलाशी बोलून घ्या. लैंगिक हल्ला झाला असेल तर सेक्शुअल असॉल्ट रेफरल सेंटर असतात, तिथे पोलिसांना न सांगताही जाता येतं, तपासणी होते, पुरावा जपून ठेवतात, तक्रार करायची की नाही ते नंतर ठरवता येतं. इंग्लंड-वेल्ससाठी रेप क्रायसिसची चोवीस तास चालणारी लाइन आहे, ०८०८ ५०० २२२२.

दुसरी भीती, बातमी होईल आणि घरी कळेल. लैंगिक गुन्ह्याची तक्रार केली की त्या क्षणापासून आयुष्यभर तुमचं नाव छापायला कायद्याने बंदी आहे. तुम्ही सज्ञान आहात, पोलिस आईबाबांना फोन करत नाहीत. इंग्रजीत बोलायला जड जात असेल तर दुभाषा मागा, मराठी हवा असं सांगा, त्याचे पैसे तुम्हाला द्यावे लागत नाहीत, तो तुमचा हक्क आहे. युनिव्हर्सिटीलाही आता अशा तक्रारी टाळणं तितकं सोपं राहिलेलं नाही, इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२५ पासून प्रत्येक युनिव्हर्सिटीला छळाच्या तक्रारींसाठी नीट व्यवस्था ठेवावी लागते आणि प्रकरण दाबायला गप्प बसण्याचे करार करून घेता येत नाहीत. बऱ्याच ठिकाणी नाव न सांगता ऑनलाइन कळवता येतं.

इथले पोलिस म्हणजे सगळे देवमाणूसच असतात असं मी म्हणणार नाही. मार्च २०२१ मध्ये लंडनमध्ये सारा एव्हरार्ड नावाची ३३ वर्षांची मुलगी मैत्रिणीकडून चालत घरी निघाली होती, तिला एका नोकरीत असलेल्या पोलिसाने खोटी अटक करून पळवलं आणि मारलं. सगळा देश हादरला होता. दोन वर्षांनी आलेल्या अहवालात लंडनच्या पोलिस दलात वर्णद्वेष आणि स्त्रीद्वेष मुरलेला आहे असं स्पष्ट लिहिलं गेलं. त्यामुळे साध्या कपड्यातला एकटा माणूस ओळखपत्र दाखवून "पोलिस आहे, चला" म्हणाला तर घाबरून गाडीत बसू नका. लंडनमध्ये अशा एकट्या अधिकाऱ्याने स्वतःहून व्हिडिओ कॉलवर कंट्रोल रूमकडून ओळख पटवून द्यावी असा नियम आता आहे, आणि शंका आली तर तुम्ही ९९९ लावून विचारू शकता. पोलिसांवर प्रश्न उभे राहिले हे खरं, पण ते नोंदींमुळे आणि बोलणाऱ्या बायकांमुळेच उभे राहिले, त्यामुळे कळवणं सोडायचं हा त्यावर उपाय नाही असं मला वाटतं.

मुलग्यांनो, तुम्हीही वाचा. रात्री डिलिव्हरी करताना अंडी फेकणं, "गो होम" ओरडणं, सायकलला लाथ मारणं, हे आपल्या पोरांबरोबर होतं आणि ती रूमवर येऊन हसण्यावारी नेतात. हेतू वर्णद्वेषाचा असेल तर कायद्यात शिक्षा वाढते, म्हणून तक्रार करताना काय शब्द वापरले ते जसेच्या तसे सांगा आणि "हे मला हेट क्राइम वाटतंय" असं तोंडाने म्हणा. मुलींच्या बाबतीत तर अनेकदा दोन्ही एकत्रच येतं, आधी घाणेरडी कॉमेंट आणि मग दुर्लक्ष केलं की रंगावरून शिवी, दोन्ही सांगायचं. आणि दुसऱ्या कुणाबरोबर घडताना दिसलं तर मारामारीत उतरायची गरज नसते. त्या मुलीच्या शेजारी जाऊन "अगं, किती दिवसांनी" म्हणून ओळखीचं असल्यासारखं बोलायला लागा, किंवा स्टाफला सांगा, किंवा लांबून व्हिडिओ घ्या आणि तो तिलाच द्या, इन्स्टावर टाकू नका. आणि सगळं शांत झाल्यावर "तू ठीक आहेस ना" एवढं विचारा, त्याची फार गरज असते.

तक्रार केल्यावर क्राइम रेफरन्स नंबर मिळतो, तो फोनमध्ये ठेवा, पुढे काय झालं विचारायला तोच लागतो. पोलिसांनी पुढे काही केलं नाही असं वाटलं तर त्या नंबरवरून परत विचारा, दोनदा विचारा. मन ठिकाणावर नसेल, झोप लागत नसेल, तर व्हिक्टिम सपोर्टचा ०८०८ १६ ८९ १११ हा फुकट नंबर आहे, तक्रार केली नसेल तरी ते बोलतात. घरी सांगायचं का, हे सगळ्याच विचारतात. आई घाबरेल, परत ये म्हणेल, हे खरं आहे. पण बऱ्याच जणींचा अनुभव असा की "आई, असं झालं, मी पोलिसांना कळवलंय, माझ्याकडे नंबर आहे, रूममेट बरोबर आहे" असं सगळं करून झाल्यावर सांगितलं की आईही सावरते. नाहीच सांगावंसं वाटलं तर इथे निदान एका माणसाला सांगा, मैत्रिणीला, घरमालकिणीला, कुणालाही.